डावीकडची कुजबुज

आमदार रोज सकाळी पुढच्या खोलीतल्या खुर्च्या पुसायचे. प्लास्टिकच्या खुर्च्या, एकात एक बसवून भिंतीशी उभ्या केलेल्या. त्या सोडवायच्या, ओल्या फडक्यानं पुसायच्या आणि आपल्या लाकडी खुर्चीकडे तोंड करून रांगेत मांडायच्या. मग दाराची कडी काढायची, पंख्याचं बटण दाबायचं आणि बसायचं. जेवणाच्या वेळेपर्यंत कुणी आलं नाही की खुर्च्या परत एकात एक, भिंतीशी. निवडणूक हरल्यापासून हाच उद्योग चालला होता. आलंच कुणी तर मीटर बघणारा, नाहीतर घर चुकलेला पार्सलवाला. पार्सलवाल्यालाही आमदार म्हणायचे, "बसा ना. काय काम काढलंत?"

खरं तर त्यांना माजी आमदार म्हणायला हवं. पण आमदारकी म्हणजे डांबराचा डाग, हातचा गेला तरी नावावरचा जात नाही. भाजीवालीपासून बँकेच्या पहारेकऱ्यापर्यंत सगळे त्यांना आमदारच म्हणत. फक्त आता ते म्हणताना कुणी उठून उभं राहत नसे.

विधिमंडळाच्या दफ्तरी त्यांची कारकीर्द दोन ओळींत मावते. सात निवडणुका लढवल्या, चार जिंकल्या, तीन हरले. पहिली अपक्ष म्हणून, अनामत जप्त. बाकीच्या पक्षाच्या तिकिटावर. मंत्रिपद नाही, समित्यांवर सदस्य, भाषणं बेताचीच. त्या दोन ओळींत त्यांच्या बायकोचा उल्लेख नाही, आणि तसा तो असायचं काही कारणही नाही. पण तिला वगळून ही गोष्ट सांगायची तर मोटार ठेवून वीज वगळल्यासारखं होईल.

त्या आठवड्यात एक खुर्ची भरली. उन्हं वर आली तेव्हा एक जाडजूड गृहस्थ आत आले आणि न विचारता बसले. आमदारांनी तोंडभर हसून स्वागत केलं. कोण आहेत ते कळेना, म्हणून जास्तच हसले. गृहस्थांनी श्वास घेतला आणि नाकातून बेअरिंग सैल झालेल्या पंख्यासारखा बारीक घरघर आवाज आला, तेव्हा आमदारांचा जीव भांड्यात पडला. जिल्हाध्यक्ष! पक्षाचे जिल्हाध्यक्ष.

"काय म्हणतोय एकांतवास?" जिल्हाध्यक्षांनी विचारलं.

"एकांत कसला? येतात की लोक."

जिल्हाध्यक्षांनी रिकाम्या खुर्च्यांवरून नजर फिरवली आणि मोठेपणा दाखवून काही बोलले नाहीत. मग मुद्द्यावर आले. "वकील लोकसभेवर निवडून गेले. इथली जागा रिकामी. पोटनिवडणूक लागणार."

वकील म्हणजे मागच्या वेळी आमदारांना पाडून निवडून आलेले विरोधक.

"मग तुमच्याकडे इच्छुकांची रांग लागली असेल," आमदार म्हणाले.

"रांग? चेंगराचेंगरी आहे. एकाला दिलं की दुसरा पाडणार, दुसऱ्याला दिलं की तिसरा. तुमच्या नावाला मात्र कुणाची हरकत नाही."

"असं का बरं?"

"खरं सांगू? तुमचा कुणाला त्रास नाही, साहेब." जिल्हाध्यक्ष स्वतःच्याच बोलण्यावर हसले, घरघर वाढली. "आणि दुसरं म्हणजे वहिनी. वहिनींच्या नावावर अजून मतं आहेत. पोस्टरवर वहिनींचा फोटो मोठा, तुमचा खाली कोपऱ्यात. पण घरोघर चालत जायचं हां. मागं केलंत तसं गाडीवरून हात हलवून भागणार नाही. रविवारपर्यंत कळवा."

ते गेले. त्यांच्या वजनानं मागे सरकलेली खुर्ची आमदार बराच वेळ बघत होते. मग उठून त्यांनी ती खुर्ची पुसली नाही, तशीच ठेवली.

मुलीला फोन केला. ती दूरच्या शहरात राहायची, मोठ्या इमारतीत, वरच्या मजल्यावर.

"बाबा, तुम्हाला उभं राहायचंय ना? आवाजातच कळतंय."

"नाही, म्हणजे पक्षाचा आग्रह आहे..."

"पक्षाचं राहू द्या. उभे राहणार असाल तर माझा नाइलाज. नसाल तर मी रविवारी येते आणि तुमचं सामान बांधते. पण दोन्ही नाही, हे चालायचं नाही. त्या खुर्च्यांच्या संगतीला तुम्हाला आणखी एक वर्ष सोडणार नाही मी."

"तुझ्याकडे येऊन करू काय?"

"खाली बाग आहे. सकाळी सगळे म्हातारे फिरायला येतात. कुणी कुणाला ओळखत नाही. तुमचं झकास जमेल."

मुलगी जीभ सैल सोडून बोलायची. आईवर गेली होती. आमदार हसले, पण फोन ठेवल्यावर ते हसू गालावर तसंच राहिलं, उतरवायला कुणी नसल्यासारखं.

त्यांना उभं राहायचं होतं. जिंकायची हाव फारशी उरली नव्हती. हवं होतं ते घर भरलेलं. दाराशी चपलांचा ढीग, आत तिघं एकदम बोलतायत, स्वयंपाकघरात चहा तिसऱ्यांदा उकळतोय. महिनाभर तरी. पण त्यासाठी घरोघर चालत जायला हवं होतं, आणि डावीकडे कुणी नसताना आमदारांना एक दारसुद्धा ठोठावता येत नव्हतं. हे मुलीला ठाऊक होतं. आणखी एका माणसाला ठाऊक होतं, पण ते माणूस आता नव्हतं.

आमदार मुळात आमदार नव्हते, हे ओघानं आलंच. त्यांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं. जळालेली मोटार खोलायची, काळी पडलेली तार कापून काढायची, वेटोळी मोजून नवी तांब्याची तार भरायची, वर व्हार्निश द्यायचं आणि भट्टीत सुकवायचं. दुकानात उजेड यायचा तो मागच्या खिडकीतून, म्हणून ते दाराकडे पाठ करून बसायचे. गल्ल्यावर बायको. गिऱ्हाईक आलं की ती बसल्या जागेवरून सांगायची, "गिरणीवाले आलेत. घाईत आहेत." किंवा, "विहिरीच्या पंपवाल्या बाई. मागच्या वेळी तुम्ही फार बडबडलात, आज गोड बोला." मान न वळवता आमदार गोड बोलायचे.

चेहरा बघायची त्यांना वेळच येत नसे. पुढे कळलं की वेळ आली तरी उपयोग नव्हता. चेहरे त्यांच्या डोक्यात टिकायचे नाहीत. एकदा खोललेली मोटार ते दहा वर्षांनी ओळखायचे. कुठली तार कुणी कशी भरली, कुठं कुणी कंजुषी केली, सगळं. पण त्या मोटारीचा मालक सकाळी येऊन संध्याकाळी परत आला की तो नवा माणूस. जन्माचंच तसं होतं की पाठ करून बसल्यानं झालं, ते त्यांना कधी कळलं नाही. एक मात्र खरं, चालू मोटारींच्या भणभणाटात वर्षं काढल्यानं दोघांचं एक-एक नुकसान झालं. त्यांचे कान जड झाले आणि तिचा आवाज मोठा झाला.

राजकारणात ते पडले एका ट्रान्सफॉर्मरमुळे. वस्तीचा ट्रान्सफॉर्मर जळाला आणि वीज कार्यालयातले साहेब 'बघू' म्हणाले. आमदारांनी कार्यालयाच्या दारात ठाण मांडलं. आत तेल कधी बदललं होतं, वेटोळी कशी चिकटली, हे येणाऱ्या-जाणाऱ्याला समजावून सांगत बसले. साहेबांना ते ऐकून ऐकून वीट आला आणि नवा ट्रान्सफॉर्मर आला. लोकांनी त्यांना डोक्यावर घेतलं. डोक्यावर घेतलेल्या माणसाला पायाखालचं दिसत नाही. ते तडक विधानसभेला अपक्ष उभे राहिले.

प्रचाराला एकटेच निघायचे, कारण बायको दुकान सांभाळत होती. एका घरी त्यांनी मत मागितलं. पुढं वळसा घालून परत त्याच घरी आले आणि परत मागितलं. घराला दोन बाजूंना दारं होती, त्यामुळे तिसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा तो माणूस शांतपणे म्हणाला, "दादा, पहिल्यांदा मागितलंत तेव्हा देणार होतो."

अनामत गेली. बायको निकाल ऐकून म्हणाली, "अहो, वीज गेली तर लोक माफ करतील. पण ज्याला काल भेटलात त्याला आज 'तुम्ही कोण' म्हणून विचाराल, तर जन्मात माफ करायचे नाहीत. पुढच्या वेळी मी येते."

पुढच्या वेळी ती आली. दुकान बंद ठेवून, नवऱ्याच्या डाव्या बाजूला, अर्धं पाऊल मागे. धुळीचा त्रास होतो असं दाखवून रुमाल तोंडाशी धरायचा आणि रुमालाआडून बोलायचं. "मधली सून. सासूशी पटत नाही, सासूचं नाव काढू नका." "हा घड्याळं दुरुस्त करतो. वडील अंथरुणाला." "ही गेल्या वर्षी नापास झालेली, आता पास आहे, कौतुक करा." आमदार कौतुक करायचे. माणूस फुलायचा. ती काहीही लिहून ठेवत नसे. कुणी विचारलं तर म्हणायची, "चेहऱ्यानं कशाला लक्षात ठेवायचं? काळजीनं ठेवायचं. चेहरा बदलतो, काळजी बदलत नाही."

त्या वेळी ते जिंकले. आघाडी केवढी, तर एखाद्या मोठ्या लग्नातल्या पाहुण्यांएवढी. पण जिंकले. हळूहळू सगळीकडे बोलबाला झाला की आमदारांची स्मरणशक्ती म्हणजे स्मरणशक्ती! विरोधक सभेत म्हणायचे, "यांना कायदे येत नाहीत, नुसती नावं येतात." लोक टाळ्या वाजवायचे, आणि मत आमदारांना द्यायचे. दुसऱ्यांदा ते घसघशीत आघाडीनं निवडून आले. तिसऱ्यांदा दुसऱ्या पक्षाची लाट आली आणि भलेभले वाहून गेले, त्यात हेही. पडलेले बाकीचे उमेदवार घरात तोंड लपवून बसले असताना ही दोघं आभार मानायला गल्ल्या फिरली. पुढच्या वेळी परत निवडून आले.

विधानसभेत मात्र बायकोला प्रवेश नव्हता. अधिवेशन सुरू झालं की आमदार मागच्या बाकावर बसून सगळ्यांकडे बघून सारखंच हसायचे. एकदा मधल्या सुटीत त्यांनी एका उंच, रुबाबदार गृहस्थांना गाठून आपल्या मतदारसंघातल्या रस्त्याची कैफियत ऐकवली. पूल, वळण, पावसाळी मोरी, सगळं. गृहस्थांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाले, "साहेब, रस्ता माझ्या हातात नाही. माझ्याकडे उपाहारगृह आहे. दोन प्लेट जास्तीच्या पाठवू का?"

संध्याकाळी आमदार निवासातल्या खोलीतून ते घरी फोन करायचे. खोलीत एक पलंग, एक कपाट, भिंतीवर आधीच्या कुणाच्या तरी कॅलेंडरचा खिळा.

"आज एक टक्कल असलेले, जाड चष्मेवाले भेटले. फार आदरानं बोलले. कोण असतील गं?"

"उजवा हात खिशात घालून बोलतात?"

"हो, हो!"

"विरोधी पक्षनेते. टीव्हीवर बघते ना मी. काय बोललात त्यांना?"

"आपल्या पक्षात या म्हटलं."

पलीकडून बराच वेळ नुसतं हसू ऐकू यायचं. आमदार रिसीव्हर कानाशी धरून बसायचे. हसू संपलं की खोली पुन्हा तेवढीच व्हायची, एक पलंग, एक कपाट, एक खिळा.

ती गेली ती थोड्याच दिवसांच्या आजारानं, त्या तिसऱ्या आमदारकीच्या चौथ्या वर्षी. शेवटपर्यंत शुद्धीवर होती. दवाखान्यात भेटायला येणाऱ्यांची ओळख उशीवरूनच करून द्यायची. नंतर घरी लोक आले, ते येतच राहिले. पुढची खोली भरली, व्हरांडा भरला, रस्त्यापर्यंत माणसं उभी. एकेक जण आमदारांसमोर येऊन रडायचा आणि काहीतरी सांगायचा. तिनं ह्याच्या मुलीला शाळेत घातलं होतं. तिनं हिच्या दारुड्या नवऱ्याला रस्त्यात उभं करून झापलं होतं. वहिनी आमच्या आईच्या उशाशी रात्रभर बसल्या होत्या हो, आमदार. आणि आमदारांना समोरचं एकही माणूस ओळखता येत नव्हतं. प्रत्येकाच्या वेळी त्यांची मान आपसूक डावीकडे वळायची, हे कोण म्हणून विचारायला. डावीकडे भिंत होती. लोकांना वाटलं, आमदार दुःखानं मान फिरवतायत.

पुढच्या निवडणुकीत पक्षानं त्यांना उघड्या गाडीवर उभं केलं. ते नुसता हात हलवत मतदारसंघभर फिरले आणि कारकिर्दीतल्या सगळ्यात मोठ्या आघाडीनं जिंकले. मतमोजणी केंद्राबाहेर शेकडो हात त्यांच्या हातात आले. घरी येऊन त्यांनी दिवा लावला आणि हे सगळे कुणाचे हात होते ते विचारायला कुणी नव्हतं.

त्यानंतरची पाच वर्षं म्हणजे उतारावरची गाडी. लोक कामं घेऊन यायचे आणि आमदार सगळ्यांना एकाच मापाचं बोलायचे. "काय, बरंय ना? घरी सगळे ठीक? आई बऱ्या आहेत?" आईची चौकशी कधी वाया जात नाही, असा त्यांचा अनुभव होता. एकदा त्यांनी तीच चौकशी अशा माणसाकडे केली, ज्याच्या आईच्या अंत्ययात्रेला ते चारच दिवसांपूर्वी गेले होते, पुढे चालले होते, बोललेही होते. तो माणूस उठला आणि गेला. गोष्ट आठवड्याभरात सगळीकडे झाली. डोक्यात हवा गेली, लोक म्हणाले. बायको होती तोवर माणूस होता, आता नुसता आमदार उरलाय. पुढच्या निवडणुकीत ते तिसऱ्या क्रमांकावर फेकले गेले. त्यांच्या स्वतःच्या गल्लीच्या मतदान केंद्रावरसुद्धा वकील पुढे होते.

तर असा सगळा इतिहास, आणि आता पुन्हा तिकीट. शनिवारी दुपारी आमदारांनी चपला घातल्या. स्वतःशीच एक पैज मारली होती. बाजाराच्या टोकापर्यंत चालत जायचं. वाटेत एक, फक्त एक माणूस अचूक ओळखता आला, तर जिल्हाध्यक्षांना हो म्हणायचं.

बाजार सुस्तावलेला होता. पहिला भेटला तो कापडी पिशवी घेतलेला, नमस्कार करणारा. आमदारांनी अंदाज बांधला. "काय, दुकान कसं चाललंय?"

"मी शिक्षक आहे," तो म्हणाला. "दुकान भावाचं."

"तेच विचारतोय. भावाचं दुकान."

"ते बंद पडलं."

पुढे एक बाई भेटल्या. आमदारांनी मुलांची चौकशी केली, बाई म्हणाल्या माझं लग्न झालेलं नाही, आणि चालू लागल्या. चपलांच्या दुकानाबाहेर बसलेल्या एकाला त्यांनी खात्रीनं ओळखलं, जवळ जाऊन खांद्यावर हात ठेवला, तर तो परगावचा निघाला, बसची वाट बघत होता. बाजाराचं टोक आलं तेव्हा आमदारांचा सदरा पाठीला चिकटला होता.

टोकाला पत्र्याच्या आडोशाखाली एक इस्त्रीवाली बाई काम करत होती. लाकडी टेबल, त्यावर जाड चादर, बाजूला पाण्याचा डबा. तिच्या उजव्या मनगटावर भाजल्याचा जुना डाग होता. तिनं इस्त्री उभी ठेवली आणि हाक मारली, "आमदार, सावलीत या. उन्हात कसली परीक्षा देत फिरताय?"

आमदार गेले. तिनं कपड्यांचं गाठोडं सरकवून स्टूल मोकळं केलं.

"ओळखलंत का?"

"न ओळखायला काय झालं!" आमदार सवयीनं म्हणाले. "बरंय ना? घरी सगळे..."

"घरी सगळे म्हणू नका," ती म्हणाली. "घरी कुणी नाही. वहिनींनी सांगितलं होतं तुम्हाला. 'इस्त्रीवाली. नवरा टाकून गेलाय. घरचं विचारू नका, कामाचं विचारा.' तेव्हा तुम्ही मला कोळसा बरा की वीज बरी असं विचारलं होतं. आणि मग पाऊण तास विजेच्या इस्त्रीची तार कशी जळते ते सांगत बसला होता."

आमदार स्टुलावर ताठ झाले. "तुम्हाला ऐकू गेलं होतं?"

"ऐकू गेलं म्हणजे?" तिला हसू आवरेना. "अहो आमदार, वहिनींची कुजबुज म्हणजे गिरणीची कुजबुज! या टोकाला बोलल्या की त्या टोकाला कळायचं. तुमचे कान जड, तुम्हाला वाटायचं हळू बोलतात."

"म्हणजे... सगळ्यांना माहीत होतं?"

"न माहीत असायला सगळा बाजार काय बहिरा आहे? तुमची दोघांची जोडी दिसली की आम्ही कान देऊन उभे राहायचो. वहिनी आज आपल्याबद्दल काय सांगतायत ते ऐकायला. मेली माझी कर्मकहाणी, मला सांगायला दिवस पुरायचा नाही. त्यांनी तीन वाक्यांत बसवली होती. आणि त्यात एक अक्षर वाईट नव्हतं."

ती पुन्हा इस्त्री फिरवू लागली. सदऱ्याची कॉलर, मग बाह्या. आमदार बघत राहिले.

"मग लोक म्हणायचे ते? आमदारांची स्मरणशक्ती, आणि..."

"ते वहिनींच्या तोंडावर म्हणायचो. त्यांना बरं वाटायचं."

 इस्त्रीखाली ओला कपडा सुसकारा टाकत होता.

"मग मागच्या वेळी मला पाडलंत का?" आमदारांनी विचारलं. आवाजात तक्रार नव्हती. खरोखरच जाणून घ्यायचं होतं.

"त्या गेल्यावर तुम्ही विचारलंत कधी? 'बाई, मला कळत नाही, तू कोण ते सांग.' सांगितलं असतं की आम्ही. आम्हाला काय जड होतं? पण तुम्ही आपले, आई बरी का, आई बरी का. माझी आई मी पाळण्यात असताना गेली."

आता तिचं नाव विचारावं, असं आमदारांच्या ओठावर आलं. तिनं दार उघडून ठेवलं होतं, नुसतं आत जायचं होतं. पण 'तुम्ही कोण' असं विचारायचं नाही, ही इतक्या वर्षांची शिकवण जिभेवर बसली होती. ते उठले, "चलतो, ऊन उतरलं," म्हणाले. ऊन काही उतरलं नव्हतं. तीही "या" म्हणाली, आणि त्यांच्याकडे न बघता पुढचा सदरा टेबलावर अंथरला.

परत येताना त्यांना कुणाला ओळखायचं नव्हतं. ते खाली मान घालून चालले. चार विजय. पहिला लग्नाच्या पाहुण्यांएवढा, दुसरा घसघशीत, तिसरा पडून उठल्यावरचा, चौथा सगळ्यात मोठा. एवढी वर्षं ते चारही त्यांनी आपले म्हणून जपले होते, चांगली भरलेली मोटार कापडात गुंडाळून ठेवावी तसे. आता कापड उघडून बघितलं तर भरणी दुसऱ्याच हातची होती. आपल्या हातची वेगळी काढता येते का, ते त्यांनी चालता चालता बघितलं. ती अनामत जप्त झालेली पहिली निवडणूक तेवढी निघाली. आणि शेवटची.

पण त्याहून जास्त जे बोचत होतं ते वेगळंच. बायकोला माहीत होतं का? लोकांना ऐकू जातं हे तिला कळलं होतं, की तीही शेवटपर्यंत हळू बोलतेय असंच समजत होती? बाकी जगातलं काहीही कुणाला तरी विचारता आलं असतं. हे एक विचारायचं माणूस एकच होतं.

घरी येऊन त्यांनी जिल्हाध्यक्षांना फोन लावला.

"बोला साहेब! हो ना?"

"पोस्टरवर जिचा फोटो मोठा लावणार आहात, तिलाच तिकीट द्या," आमदार म्हणाले. "मी तिच्या प्रचाराला येतो."

"थट्टा करताय काय?"

"नाही. तिचीच जागा होती ती. मी नुसता सही करायला जात होतो."

घरघर काही क्षण थांबली. मग जिल्हाध्यक्ष म्हणाले, "दुखावला आहात तुम्ही. ठीक आहे. बघतो दुसरं." आणि फोन ठेवला. त्यांच्याकडे चेंगराचेंगरी होती, त्यांना फार वेळ वाईट वाटून घेणं परवडण्यासारखं नव्हतं.

दुसरा फोन मुलीला. "तू येऊ नकोस उद्या."

"म्हणजे उभे राहताय."

"नाही."

"बाबा, 'दोन्ही नाही' हे चालणार नाही म्हटलं होतं मी!"

"ऐकून तरी घे. तुझ्या बागेत कुणी कुणाला ओळखत नाही म्हणालीस. इथं सगळे मला ओळखतात. निदान अर्धी ओळख तरी आहे. उरलेली अर्धी करून बघतो."

 मुलीनं विचारलं, "जमेल?"

"माहीत नाही," आमदार म्हणाले. तिच्याशी ते खोटं बोलत नसत.

रविवारी सकाळी त्यांनी खुर्च्यांच्या चळतीतून दोनच सोडवल्या. एक समोर ठेवली. दुसरी आपल्या लाकडी खुर्चीच्या डावीकडे, किंचित मागे. दार उघडलं आणि बसले.

कुणी आलं नाही. बाहेर सायकली गेल्या, पाण्याचा टँकर गेला. चहा निवला. खुर्च्या उचलाव्या असं मनात आलं, त्याच वेळी समोरच्या घराचं फाटक वाजलं आणि एक वयस्कर गृहस्थ रस्ता ओलांडून आले. चालताना एक पाय जपून टाकत होते. हातात पाण्याचा लहान पंप, वर जळक्या व्हार्निशचा ओळखीचा वास.

"आमदार, तुम्ही पूर्वी ही कामं करायचात म्हणे. बघता का जरा?"

आमदारांनी पंप हातात घेतला. बोटं आपसूक फिरली. वेटोळी कुठं जळाली असतील ते न खोलताच कळलं. मग त्यांनी वर बघितलं. चेहरा कोरा. त्यांनी छातीत हवा भरून घेतली, थंड पाण्यात पाय टाकताना घ्यावी तशी.

"तुमचं नाव काय?"

गृहस्थांचे डोळे मोठे झाले. "काय आमदार! मी समोरचा. मुलं एकत्र खेळली आपली!"

"असेल. मला चेहरे लक्षात राहत नाहीत. कधीच राहिले नाहीत. नाव सांगा."

 ते रागावतील, पंप घेऊन परत जातील, असं आमदारांना वाटलं. मग ते समोरच्या खुर्चीवर बसले, दुखरा पाय लांब केला आणि त्यांनी नाव सांगितलं. गुडघ्याचं सांगितलं. बायको मुलाकडे गेलीय, परत यायचं नाव काढत नाही, तेही सांगितलं. "उद्या परत विचाराल काय हो?" जाताना त्यांनी विचारलं.

"विचारीन," आमदार म्हणाले.

"विचारा. मला तरी दुसरं काम काय आहे?"

फाटक वाजलं. गृहस्थ आपल्या घरात गेले, दार लागलं. गल्ली पुन्हा पहिल्यासारखी झाली. आमदार पंप मांडीवर घेऊन बसले होते. मग त्यांची मान सवयीनं डावीकडे वळली. या वेळी त्यांनी तिकडे काही विचारलं नाही. ते थोडे झुकले, रुमाल नव्हता म्हणून तोंडाशी नुसता हात धरला आणि रिकाम्या खुर्चीला हळू आवाजात सांगितलं, "समोरचे. गुडघा दुखतो. बायकोचं विचारू नकोस, कामाचं विचार."